दादाची किडनी

१४ नोव्हेंबर २००६, लेस्टर

मालक कांतीभाईंनी आज पाकीट दिलं. "भावाच्या किडनीला ठेव. पगारातून कापणार नाही," म्हणाले. मी घेतलं.

दादाच्या किडनीला काहीच झालेलं नाही. तो सहा महिने सांगलीत मानसिक रोगाच्या दवाखान्यात आहे. मागचं बिल आईनं बांगड्या विकून भरलं. पण वेड लागलंय म्हटलं तर कोण पैसे देणार? म्हणून मी किडनी सांगितली. सख्ख्या भावाचा आजारसुद्धा मला नीट सांगता आला नाही.

दुपारी दुकानातूनच दवाखान्यात फोन लावला, तर दादाच बोलला. किती दिवसांनी शांत आवाज ऐकला. मालकांनी पैसे दिल्याचं त्याला सांगितलं. म्हणाला, "संज्या, मालकांना फोन दे. त्यांचे आभार मानतो."

तो बोलता बोलता दवाखान्याचं सांगेल, या भीतीनं मी म्हणालो, "त्यांना मराठी येत नाही रे."

"बरं, मग तूच सांग," म्हणाला.

कांतीभाई समोरच पेढे भरत होते. वीस वर्षं दादरला दुकान होतं त्यांचं. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मग मराठीतच म्हणाले, "चहा घे, गार होतोय."

पाकीट अजून खिशात आहे. उघडलेलं नाही.