दोरा न ओवलेली अठरा मशिनं

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
४ फेब्रुवारी

चि. सौ. आसावरीस,
सुवर्णामावशीचे अनेक आशीर्वाद.

सोबत तुझे तीन ब्लाउज. मोरपंखीचा गळा तू सांगितलास त्यापेक्षा बोटभर वर घेतला आहे. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. ॲशबर्नची हवा तुला मानवलेली दिसते, या खेपेला माप वाढवावं लागलं. शिवणीत अजून इंचभर कापड राखून ठेवलंय.

तुमच्या संस्थेची पुस्तिका मिळाली. दुकानात साड्यांच्या काउंटरवरच ठेवली आहे. येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, माझी भाची वॉशिंग्टनच्या ऑफिसात बसून कुठल्याशा अशांत देशात बायकांचं शिवणकेंद्र चालवते. वर मोठ्या अक्षरांत छापलंय की सुरक्षा आणि विकास हातात हात घालून चालतात. आत अठरा बायका हाताच्या मशिनवर बसल्या आहेत आणि दारात बंदूक घेतलेला शिपाई. फोटो झकास आलाय.

फक्त एक विचारते. एकाही मशिनच्या सुईत दोरा नाही, आणि तिसरीने कापड उलटं धरलंय. तीस वर्षं दुसऱ्यांचे ब्लाउज शिवून माझे डोळे अधू झालेत, पण दोरा न ओवलेलं मशीन मला अजून लांबून कळतं. त्या बायका शिवत नाहीयेत गं, फोटोला बसल्यात. रागावू नकोस. गिऱ्हाईक आलंय, थांबते.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, ब्लाउज बसले तर वाढव.
तुझी,
सुवर्णामावशी


ॲशबर्न
११ फेब्रुवारी

ती. सुवर्णामावशीस,
आसावरीचा शि. सा. न. वि. वि.

ब्लाउज बसले. मोरपंखीबद्दल नंतर भांडेन, कारण तुझं पत्र वाचून मी तो फोटो पुन्हा काढून बघितला. तो फोटो आमच्या ऑफिसात चौदा जणांनी पास केला. एकाने रंगसंगतीचं कौतुक केलं, पण सुईकडे कोणीच बघितलं नाही.

मी तिथे कधी गेलेलीच नाही, मावशी. आम्हाला कोणाला जाऊच देत नाहीत. दर तीन महिन्यांनी हलीमा फोटो पाठवते, तेवढंच आम्हाला दिसतं. ती तिथली, केंद्र तीच सांभाळते. देशाचं नाव पत्रात लिहायची मला परवानगी नाही. एवढंच सांगते की तिथे सरकारचं राज्य हमरस्त्यापुरतं. आतल्या गावांत दुसरे बंदूकवाले. आमचे देणगीदार म्हणतात, बायकांच्या हाताला काम मिळालं की घरातली मुलं बंदुकीमागे जाणार नाहीत. म्हणून केंद्र काढलं, आणि गेल्या वर्षी त्याला नवी मशिनं आणि लष्कराचा पहाराही दिला.

मार्चअखेर मला अहवाल द्यायचाय. त्यात केंद्र चालू आहे का, हा एकच खरा प्रश्न. हो लिहिलं तर अजून तीन वर्षं मदत, नाही लिहिलं तर सगळं बंद. घरी श्रीरंग म्हणतो, दोरा नाही म्हणजे काम नाही, सिंपल आहे, रिपोर्ट कर आणि मोकळी हो. पण चार वर्षं मी हलीमाच्या शब्दावर चालले आहे. तिने मला फसवलं असेल तर मला फार लागेल.

तुझ्या पत्राची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आसावरी


शिकागो
१८ फेब्रुवारी

चि. आसावरीस आशीर्वाद.

जावईबापूंना म्हणावं, तुम्ही डेटा सेंटर सांभाळा, मशिनं माझ्यावर सोडा. आणि तूही अजून काही लिहू नकोस. घाई माझीच झाली.

तुझं पत्र आल्यावर गेल्या वर्षीची पुस्तिका शोधली आणि दोन्ही फोटो भिंगाखाली धरले. गेल्या वर्षी मशिनच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी लखलखत होती. यंदा कापड जिथून सरकतं तिथली बुट्टी पार पुसली गेली आहे. हँडलच्या लाकडी मुठी हाताच्या तेलाने काळ्या पडल्यात. अगं, एका वर्षात एवढी झीज माझ्या मशिनलासुद्धा होत नाही, आणि दिवाळीत मी मान वर करत नाही. एका मशिनला तर दोरीचे वळ आहेत, बांधून वाहून नेल्यासारखे.

म्हणजे ही मशिनं रोज चालतात, फक्त तिथे चालत नाहीत. हलीमाला फोन कर. पण दरडावून विचारू नकोस. माझं नाव सांग, म्हणावं शिकागोची एक शिवणारी विचारते आहे.

जेवणाची हयगय करू नकोस. माया पातळ व्हायला ती काय ताक आहे?
सुवर्णामावशी


ॲशबर्न
२ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाव ऐकल्यावर हलीमा आधी हसली आणि मग तिने सगळं सांगितलं. पहारा बसला त्याच आठवड्यापासून बायका यायच्या थांबल्या. शिपायांसमोरून जायची त्यांना भीती वाटे. शिवाय केंद्रात जाणारी ती सरकारची, असा निरोप आतल्या बंदूकवाल्यांकडून आला. त्यांना राखायला म्हणून आम्ही जे दिलं, त्यानेच केंद्र ओस पडलं. मग एकेकीने आपलं मशीन घरी नेलं. तिथे परकर, गणवेश, लग्नाचे कपडे, सगळं शिवतात. फोटोच्या दिवशी मशीन गाठोड्यात दोरीने बांधून डोक्यावरून आणायचं आणि तासाभरात परत न्यायचं. दोरा ओवत कोण बसणार, असं तिनेच मला विचारलं.

मी अहवालात खरं लिहिलं, की केंद्र रिकामं आहे आणि काम जोरात चालू आहे. देणगीदारांनी लगेच घरांची यादी मागितली, नकाशावरच्या खुणांसकट. ती यादी लष्कराकडेही जाणार होती. मी हलीमाकडे नावं मागितलीच नाहीत, म्हणजे माझ्याकडे द्यायला काही नाही, असं कळवलं. त्यावर केंद्र बंद करायचं ठरलं. पहाराही उठणार. तेवढं बरंच झालं.

पण मशिनं सरकारजमा करायची आहेत. ती आणायला शिपाई घरोघरी जातील. मग कोणाच्या घरी सरकारचं मशीन होतं हे आतल्या बंदूकवाल्यांना कळेल, आणि मग काय होईल ते मला लिहवत नाही. परत घेण्याजोगी नाहीत असा जाणकाराचा दाखला असेल तरच ती सोडतात. मावशी, तुझ्याएवढं जाणकार मला कोणी माहीत नाही. पंधरा तारखेच्या आत हवा.

लोभ आहे म्हणूनच एवढं मागते आहे.
तुझी,
आसावरी


शिकागो
७ एप्रिल

चि. आसावरीस आशीर्वाद.

दोन दिवस दाखला लिहीत होते. निकामी असं लिहिणं सोपं होतं, पण चालत्या मशिनला निकामी म्हणायला माझा हात धजेना. म्हणून जे खरं आहे तेच लिहिलं. दाखला इंग्रजीत सोबत जोडलाय, मजकूर तुला मराठीत सांगते.

मी तीस वर्षं शिवणकाम करते. दोन्ही वर्षांचे फोटो पाहून लिहून देते की ही अठरा मशिनं भरपूर झिजली आहेत आणि आपापल्या बाईच्या हाताला बसली आहेत. तिचा वेग, तिचा दाब, तिची ओढ यांवर ती चालतात. दुसऱ्याच्या हाती ती दोरा तोडतील, आणि गोदामात ठेवली तर गंजतील. परत घेऊन कोणाच्याही कामाची नाहीत.

खाली सही ठोकली, दुकानाचा शिक्का मारला. कोणी फोन करून विचारलं तर मी खुशाल बोलेन. घाबरू नकोस. तू यादी मागितली नाहीस, हे तू फार शहाणपणाचं केलंस. तुझ्या आईला कळवलंय.

काळजी माझ्याकडे दे आणि तू झोप.
सुवर्णामावशी


ॲशबर्न
९ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दाखला चालला. तुला फोन करून आमच्या माणसाने तासभर डोकं खाल्लं म्हणे, आणि शेवटी तू त्याला बायकोच्या ब्लाउजचं माप विचारलंस. तो ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतो आहे. अठराही मशिनं सुटली. पहारा उठला आणि केंद्राला कुलूप लागलं.

काल हलीमाचा शेवटचा फोन आला. आमच्यासारख्या संस्थेचा नंबर जवळ असणं आता बरं नाही, म्हणून ती तो पुसून टाकते आहे. तुला सलाम सांगितलाय. मी एक फोटो पाठव म्हणणार होते, पण तोंड आवरलं.

यंदाच्या पुस्तिकेत त्यांच्यावर एकच ओळ येणार आहे, शिवणकेंद्र अयशस्वी ठरल्याने बंद. चार वर्षांत माझ्या हातून धड झालेलं हे एकच काम, मावशी, आणि ते मला कधीच दिसणार नाही. फोन ठेवल्यावर खूप रडले. मग बरं वाटलं.

तुझा लोभ असाच राहू दे, मला तो लागतो.
तुझी,
आसावरी