तेवीस नंबरची फाइल

३ मे, रविवार
बदलीची ऑर्डर येऊन आठवडा झाला. नागपूर. सातवी बदली, बहुधा शेवटची. जुना कॉम्प्युटर न्यायचा नाही असं ठरलं. त्यातलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं काम माझ्याकडे. मंजिरीने खोके भरायला घेतलेत. तिच्या मते मला सोपं काम मिळालं.
दुपारी फोटो कॉपीला लावले. दहा मिनिटांत निळा पडदा, मग आपोआप रीस्टार्ट. तीनदा तेच. घामाने कीबोर्ड चिकट झाला. नाद सोडला.

६ मे, बुधवार
ऑफिसातून आल्यावर पुन्हा. केबल बदलली. पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला. अँटीव्हायरस बंद. झाकण उघडून रॅम खोडरबराने पुसली, पंख्यातली पाच वर्षांची धूळ काढली. फोटो कसेबसे गेले, थोडे थोडे करून. छोटं काही असलं की जातं, मोठी फाइल आली की मान टाकतो.
मं. म्हणाली, माझं शेवटी घ्या, पण नीट घ्या. तिचं म्हणजे रेकॉर्डिंग. कलकत्त्यात पन्नास-साठ वर्षं काढलेल्या मराठी बायकांना तिने बोलतं केलं, दर रविवारी कुणाकडे तरी जाऊन. एकेचाळीस फाइली. फोन भरतो म्हणून फोनवरचं पुसत आली. दुसरी प्रत कुठेच नाही.

९ मे, शनिवार
झालं ते लिहून ठेवतो.
सुट्टी. मं. बाजारात गेलेली. तिचं फोल्डर घेतलं, सवयीने कट केलं, डिस्कवर पेस्ट. सहा बदल्या केलेल्या माणसाला कॉपी सुचत नाही. क्वार्टर सोडताना मागे काही ठेवायचं नसतं, रिकामी खोली दाखवायची आणि किल्ली द्यायची. अर्ध्यावर निळा पडदा.
चालू झाल्यावर मोजल्या. डिस्कवर पहिल्या बावीस. कॉम्प्युटरवर चोवीसपासून पुढच्या. तेवीस डिस्कवर नावाला आहे, आकार शून्य. इकडे तर नावही नाही. पुन्हा मोजल्या.
‘२३ दामलेआजी, पहिला दिवस.’
मं.ने आल्यावर विचारलं, चाललंय का? म्हटलं, चाललंय.

११ मे, सोमवार
अर्धी रजा. कॉम्प्युटर टॅक्सीत घालून चांदणीच्या कॉम्प्युटर बाजारात, मंडलबाबूंच्या दुकानात. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. पाच मिनिटांत सांगितलं: आतला पॉवर सप्लाय म्हातारा झालाय. डिस्क जोडली की तिला वीज देता देता हा स्वतःच बसतो. आणि मी खोडरबर घेऊन रॅम पुसत होतो! नवा बसवला. उरलेल्या अठरा फाइली निमूट गेल्या.
तेवीसवर दोन तास घालवले त्यांनी. शेवटी काहीतरी निघालं, पण वाजत नाही.
“दादा, कट क्यों किया? कॉपी करते। पहुँच जाता, तब मिटाते।”
पैसे देऊन टॅक्सी शोधली.

१३ मे, बुधवार
जेवताना सांगणार होतो. मग आठवलं. तेवीस करून आली त्या दिवशी मं. मला सगळं सांगत होती. आजी हावड्याला उतरल्या, ट्रंक, पुढे काहीतरी. मी मॅच बघत हूं हूं करत होतो. आता ते मला माहीत असतं तर... लाज वाटली. सांगितलं नाही. आमटी चांगली झालीय म्हणालो.

१७ मे, रविवार
बागबाजार, दामलेआजींचं घर. आजींचा निरोप घेऊन येतो म्हणून एकटाच निघालो. मं.ला नवल वाटलं, पण खोक्यांत गुंतली होती.
दामलेआजी अठ्ठ्याऐंशीच्या. मं.ला लेक मानतात, म्हणून मी जावईबापू. “आधी मिष्टी खा,” म्हणाल्या. खाल्ली. मग सगळं कबूल केलं. पोट भरून हसल्या. पुन्हा सांगते, म्हणाल्या, त्यात काय. मी फोन समोर ठेवला.
लग्नानंतर एकट्या आल्या होत्या, हावड्याला. नवरा न्यायला येणार होता, तासभर आलाच नाही. ट्रंकेवर बसून राहिल्या. एवढं मं.ला सांगितलं होतं.
“पुढचं मंजिरीला नव्हतं सांगितलं. मी उठले आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. ट्रंक फलाटावरच. हे धावत आले, म्हणाले, सावलीत बसलीस ते बरं केलंस. मी हो म्हटलं.”
त्यांना कधी सांगितलंत का, विचारलं.
“चाळीस वर्षं संसार केला, नाही सांगितलं. तेव्हा सोपं होतं. दुसऱ्या दिवशी अवघड झालं, मग रोजच.”
मं.ने ऐकलं तर चालेल? ऐकू दे की, म्हणाल्या.

१८ मे, सोमवार
नवीन फाइल डिस्कवर टाकली. कॉपी. नाव तेच दिलं, २३. आकडा एकेचाळीस झाला. हायसं वाटायला हवं होतं. मग स्वतः ऐकली. मूर्ख माणूस. प्रश्न सगळे माझ्या आवाजात आहेत.

२१ मे, गुरुवार
मं.ने कालपासून लॅपटॉपला डिस्क लावून एकेक ऐकायला घेतलंय. नागपूरला जाऊन लिहून काढायचं म्हणते, त्याआधी क्रमाने टिपणं. आज चौदापर्यंत आली. दोनदा तोंड उघडलं. एकदा बेल वाजली. दुसऱ्यांदा कुणी आलं नव्हतं, मीच गप्प बसलो.

२३ मे, शनिवार
सोमवारी ट्रक. मी जमिनीवर बसून कपबशा बंगाली पेपरांत गुंडाळतोय, मधेच हे लिहितोय. मं. समोर खोक्यावर, कानात हेडफोन. मघाशी एक कान मोकळा करून म्हणाली, “बावीस संपत आलं. आता दामलेआजी. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, ट्रंकेचं?”
हो म्हणालो.
पुढच्या फाइलीत पहिला आवाज माझा आहे: आजी, पंखा कमी करू का?