मागची चाकं वर

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४. पाडवा.
आजपासून रोजनिशी. मुहूर्तावर दोन संकल्प सोडले. साखर बंद, आणि गाडीची सगळी कामं स्वतःच्या हाताने.
गाडी म्हणजे माझी लाल टू-सीटर. सेकंडहँड. नोकरी सोडली त्याच आठवड्यात घेतली. (सोडलीच. सोडता का, असं त्यांनी आधी विचारलं, एवढंच.) ब्रेक दाबला की मागून किर्र होतं. पॅड गेलेत. मागची बाजू जॅकवर घ्यायची, चाकं काढायची, पॅड बदलायचे. व्हिडिओ बघितले. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात. उल्काला शेजारी बसवून गणपतीपुळ्याला न्यायचं. तिला अजून बोललो नाही. ती गाडीला 'तो लाल डबा' म्हणते.
दोन अनारसे खाल्ले. सणाचं धरायचं नसतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
जॅक बंपरखाली जातच नाही. गाडी फार बुटकी. मागची चाकं फळ्यांवर चढवली की जागा होते, असं व्हिडिओत होतं. फळ्या नव्हत्या. ओवीचा ड्रॉइंग बोर्ड होता. आता दोन आहेत, अर्धे अर्धे. कॉलेजातून आल्यावर ती फक्त "बाबा" म्हणाली आणि खोलीत गेली. आजकालची मुलं वस्तूंत फार अडकतात.
बुटक्या गाड्यांचा खास जॅक मागवला. सोबत स्टँडही घ्या म्हणे, गाडी उचलली की तिच्याखाली आधाराला लावायला. कशाला? जॅक तीन टनांचा, गाडी टनभर.

रविवार, १० नोव्हेंबर. सकाळी.
जॅक आला. भलताच जड. आज काम उरकतो.

त्याच दिवशी, दुपारी.
हँडब्रेक पूर्ण ओढला होता, हे आधी नोंदवून ठेवतो. मागची बाजू छान वर आली. दोन्ही चाकं अधांतरी. फोटो काढायला मागे सरकलो तेवढ्यात गाडी गेटच्या दिशेने चालायला लागली. आमच्या पार्किंगला पाणी जावं म्हणून उतार ठेवलाय, बिल्डरचा दोष. जॅक कलंडला, गाडी आदळली, जॅक माझ्या डाव्या पायावर. पायात चप्पल.
पायाला काही नाही. अजिबात दुखलं नाही.
पहिल्या मजल्यावरून कानिटकर डोकावले. आमच्या सोसायटीचे चेअरमन. काय पडलं, विचारलं. म्हटलं, गाडी. ते म्हणाले, "मग भिंत बघून घ्या. भिंत सोसायटीची आहे."

सोमवार, ११ नोव्हेंबर.
अंगठा निळा, नख काळं. तरीही दुखत नाही. माझी सहनशक्ती लहानपणापासूनच जबर. एखादा असता तर रडला असता.
हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो म्हणे. मागची चाकं हवेत गेली की तो शोभेचा. पुढच्या चाकांना ठोकळे लावायला हवे होते. व्हिडिओत हे सांगितलंय, पण फार सुरुवातीला. ते मी पळवलं होतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.
फरशीवर डाग दिसले, उल्काने माग काढला, तो माझ्या मोज्यापाशी संपला. डॉक्टरांकडे चला म्हणाली. सोमवारी, म्हटलं. मग मूळ विषयावर आली: शुगरचा रिपोर्ट काय आला? बॉर्डरलाइन, म्हटलं. रिपोर्ट मी आणलेलाच नाही. न आणलेला रिपोर्ट वाईट येऊ शकत नाही.
चिवडा संपवला. चिवड्यात साखर नसते. फार नसते.

रविवार, १७ नोव्हेंबर.
स्टँड आणले. ठोकळे आणले. तयारी आता परिपूर्ण. पण थंडी वाजते आहे. हवा बदलली. बूट डाव्या पायात शिरत नाही. त्या कंपनीचे बूट आखडायला लागलेत. जॅकिंग पुढच्या रविवारी. सोमवारचे डॉक्टरही पुढच्या सोमवारी, म्हणजे सगळं एका रांगेत होईल.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.
पार्किंगमध्ये उंदीर मेलाय. नक्कीच गाडीखाली. कालपासून घाण वास. सीट काढून पाहिलं, डिकी पाहिली, नाही सापडला. कानिटकरांकडे तक्रार केली की पेस्ट कंट्रोल वेळेवर होत नाही. ते जरा मागे सरकले. म्हणाले, "तो उंदीर तुमच्याबरोबर लिफ्टने वर जातो. काल मी मागून आलो. एकदा स्वतःकडे बघा." आणि दार लावलं.
नारायण पेठेत माणसाशी नीट बोलायची पद्धतच उरली नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर. हॉस्पिटल.
काल टीव्ही बघता बघता डोळा लागला. ओवीने मोजा काढला. जाग आली तेव्हा ती तोंडावर हात धरून उभी होती आणि उल्का चप्पल घालत होती. म्हटलं, दुखत नाहीये गं. उल्का म्हणाली, "अहो, दुखत नाही हे मला कळलंय. तेच तर." रिक्षाने इथे आणलं.
डॉक्टर तरुण आहेत, मुलगीच म्हणायची. डोळे मिटा आणि टोचलं की सांगा, म्हणाल्या. मिटले. वाट बघितली. शेवटी म्हटलं, अहो, टोचा की. त्या म्हणाल्या, "केव्हाच टोचलंय."
साखरेने पायाच्या नसा मेल्यात म्हणे. हळूहळू, कित्येक वर्षं. उल्का भिंतीकडे बघत होती.
अंगठा आणि शेजारचं बोट काढणार. म्हणजे तीन शिल्लक. तीन पुष्कळ झाली.

सोमवार, २५ नोव्हेंबर.
काढली. उत्तम झालं. आठवड्यात घरी.

शनिवार, ३० नोव्हेंबर.
ताप आहे. अँटिबायोटिक बदललं. पाऊल काळवंडलंय, पण इथल्या ट्यूबलाइट फार वाईट आहेत, सगळंच काळं दिसतं. पलंगावर पडून जॅकिंगचे व्हिडिओ बघतोय. आता पहिल्यापासून, न पळवता. ओवी शेजारी बसून तेच बघते. तिला आवड निर्माण झालेली दिसते.

सोमवार, २ डिसेंबर.
डॉक्टर म्हणाल्या, गुडघा वाचवायचा असेल तर आजच. मी म्हटलं, रविवारपर्यंत बघू. उल्काने माझ्याकडे न बघता पेन मागितलं. म्हणाली, "यांचं 'बघू' मी पंचवीस वर्षं ऐकतेय. कुठे सही करू?"

सोमवार, ९ डिसेंबर.
आज लग्नाचा वाढदिवस. उल्का डब्यात मुगाचं धिरडं घेऊन आली. उशाशी बसून तुकडे करून दिले. हात शाबूत आहेत हे तिच्या लक्षात आलं नसावं. मीही बोललो नाही. गणपतीपुळ्याचं सांगितलं. ती बराच वेळ डब्याचं झाकण लावत होती.
पाय गेल्यापासून ती एकदाही रागावलेली नाही. चांगलं लक्षण आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२५.
घरी येऊन आता बरेच दिवस झाले. आज मला पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. गाडी विकायची ठरली आहे (त्या दोघींचं), आणि किर्र करणारी गाडी कोणी घेत नाही. ओवीने काम काढलं. पायात जाड बूट. आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. मग जॅक, सावकाश. मग दोन्ही बाजूंना स्टँड, त्यावर गाडी टेकवली. मग गाडीला हाताने चांगले धक्के देऊन पाहिले. हलली नाही. तेव्हा कुठे चाकांना हात घातला. मी सूचना देत होतो. ती "हो बाबा" म्हणत होती आणि स्वतःचंच करत होती.
अर्ध्या तासाचं काम नाही ते. सगळी सकाळ गेली.
कानिटकर खाली आले. भिंत बघतील वाटलं. नाही बघितली. माझ्या शेजारी उभे राहिले, आणि जाताना म्हणाले, "मुलगी नीट काम करते."

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत. दुपारी.
सकाळी एक जण येऊन गाडी घेऊन गेला. गॅलरीतून पाहिली. वळणावर त्याने ब्रेक दाबला. आवाज आला नाही.
तिळगूळ खाल्ला नाही. दिला नाही कोणी, पण मागितलाही नाही.
जेवून आडवा झालो आणि अंगठा दुखायला लागला. डावा. चिरडल्यासारखा, ठणकत. सहन होईना. उल्काला हाक मारली. दुखतंय, म्हटलं. तिने विचारलं, "कुठे?" मी दाखवलं.
चादर तिथे सपाट होती.
वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती काठावर बसली, हात चादरीवर ठेवला आणि दाबायला लागली. जरा खाली, म्हटलं. तिने हात खाली सरकवला.