पलंगाआधी बेंच

२ नोव्हेंबर १९५९, सोमवार. शिरूर.
डॉक्टरांनी दयाला आज स्पष्टच सांगितलं. कमरेला गारवा नको, फरशीवर झोपणं बंद. विहिरीपाशी घसरून पडल्यापासून ती रात्रभर कण्हते. मला ऐकवत नाही. माझी लोखंडी कॉट आजच दिली असती, पण तिला झोळ पडलाय, आणि दुखऱ्या कमरेला झोळ वाईट. मला सवय आहे, मी सोसतो.
निर्णय: पलंग मी स्वतः करणार. नाताळला रूथ यवतहून माहेरी येईल तेव्हा तिची आई पलंगावर बसलेली दिसली पाहिजे. सव्वीस वर्षं मिशनच्या शाळेत भूमिती शिकवली. पलंग म्हणजे शेवटी काय, एक आयत आणि चार पाय.

४ नोव्हेंबर
मिशनचे गोरे साहेब मायदेशी परत गेले, त्यांची हत्यारांची पेटी लिलावात मिळाली. करवत, रंधा, दोन पटाश्या, गिरमिट. आणि गुण्या! पोलादी पातं, शिसवी मूठ, विलायती काम. काटकोन तपासण्यासाठी याहून चांगली वस्तू तालुक्यात नसेल. बघून डोळे भरून आले. दयाला दाखवला. तिनं विचारलं, याच्यावर झोपायचं कसं?

५ नोव्हेंबर, सकाळ
मागच्या पडवीत वर्कशॉप. दयाच्या कोंबड्या हलवल्या. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती खडूनं काढली, म्हणजे ज्याची जागा त्याला. जी हत्यारं अजून घ्यायची आहेत त्यांच्याही काढल्या. भिंत भरली. अडकवायला खिळे ठोकायचे तर पेटीत हातोडी नाही. गुण्याच्या मुठीनं ठोकले. मुठीला थोडे खड्डे पडले, बाकी काही नाही. विलायती माल.
दुपारी
कोंबड्या परत आल्या.

९ नोव्हेंबर
दयाला समजावलं की पलंग करायला आधी बेंच लागतो. बेंच नसताना सुतारकाम म्हणजे फळा नसताना भूमिती. बेंच सहा फूट लांब, अडीच फूट रुंद करणार, पलंगाची कुठलीही बाजू त्यावर आरामात मावेल. ती म्हणाली, आन् बेंच कशावर करणार?
असल्या प्रश्नांनी माणसाचा उत्साह जातो. आज काम नाही.

१४ नोव्हेंबर
दौंडला जाऊन आलो. दयाचा धाकटा भाऊ प्रभुदास तिथं रेल्वेत आहे, त्याच्या ओळखीनं वखारीतून फळ्या आणि पायांसाठी चौरस लाकूड घेतलं. प्रत्येक फळीला गुण्या लावून पाहिला. एकही गुण्यात नाही. वखारवाला म्हणाला, मास्तर, लाकूड न्यायला आलाय का पोरगी बघायला? प्रभुदास हसला. तो माझाच विद्यार्थी. वर्गातही हसायचा.
येताना फळ्या एसटीच्या टपावर. न्हावऱ्याजवळ एक फळी घसरून खिडकीसमोर लोंबायला लागली. कंडक्टर चारचौघांत वाट्टेल ते बोलला. माझीही पाठ दुखते, पण मी कुणाला सांगत नाही. दयाला सांगितलं. तिनं उठून वीट तापवून शेकायला दिली.

१८ नोव्हेंबर
शेजारचा गेणबा आमच्याकडे दूध घालतो. आज दुधाबरोबर डोक्यावर बाज घेऊनच आला. म्हणाला, बाईस्नी ऱ्हाऊ द्या, घरात नुस्ती पडून हाय, सुंभ बी नवं भरलंय. भावना चांगली होती. मी गुण्या लावला. चार कोपरे, चार जातीचे. एकच बरोबर निघाला, आणि तोच नेमका मोडून पुन्हा बांधलेला होता. माझ्या घरात हे चालणार नाही. नम्रपणे परत पाठवली.
गेणबा म्हणाला, मास्तर, बाजंवर निजायचं हाय, का तिला गणितं घालायची हायेत?
दया दारात उभी राहून जाणाऱ्या बाजेकडे बघत राहिली. सुशिक्षित माणसाच्या बायकोला हे सोसावं लागतं.

२२ नोव्हेंबर, रविवार
चर्चला जाताना गुण्या पिशवीत होता. उपासना संपल्यावर वेदीमागच्या क्रुसाला सहज लावून पाहिला. गुण्यात नाही. प्रवचन देतात ते पुलपिट नाही. खिडक्या नाहीत. पंचांच्या बैठकीत कर्तव्य म्हणून उभं राहून सांगितलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, एलियाभाऊ, तुम्ही घरी गुण्यागोविंदानं राहा, क्रुसाचं प्रभू बघून घेईल. चहा मला सर्वांत शेवटी मिळाला.

२८ नोव्हेंबर
बेंच उभा राहिला! चांगला कमरेइतका उंच. किंचित डुगडुगतो. एक पाय लांब आहे. सोमवारी कापतो.

३० नोव्हेंबर
कापला. आता समोरचा लांब वाटतो.

२ डिसेंबर
समोरचा कापला. गुण्या लावून काटेकोर कापतो, तरी डुगडुगतो. पडवीची फरशी सदोष आहे. कुणी घातली देव जाणे.

५ डिसेंबर
बेंच मांडीपर्यंत आला. जपानी कारागीर खाली बसूनच काम करतात असं कुठंतरी वाचलंय. त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

९ डिसेंबर
थंडी फार. पहाटे पहाटे दया उठून गुडघ्यांत डोकं घालून बसते. आज तिला धीर दिला, म्हणालो, आता थोडंच राहिलंय. ती म्हणाली, बेंचच्या पायांचं म्हणताय व्हय?

११ डिसेंबर
बेंच गुडघ्याइतका. डुगडुगायचा थांबला! वाकून एका फळीवर रंधा मारून पाहिला. संध्याकाळपर्यंत सरळ उभं राहता येईना. ढलप्यांच्या ढिगात कोंबडीनं अंडं घातलं. वर्कशॉपमधलं पहिलं उत्पादन.

१६ डिसेंबर
आजचा दिवस वाईट. पलंगाचा प्लॅन मोठ्या कागदावर काढायचा म्हणून शाळेतला माझा जुना लाकडी गुण्या शोधला. फळ्यावर वापरायचो तो. दयानं तो खिडकीला टेकू लावला होता. काढला आणि दोन्ही गुण्ये शेजारी शेजारी धरले. जुळेनात. उलटे धरले, सुलटे धरले. नाहीच.
विलायती खोटा असणं शक्य नाही. म्हणजे सव्वीस वर्षं मी फळ्यावर चुकीचा काटकोन काढला.
जेवण गेलं नाही.

१७ डिसेंबर
बायबलच्या कोपऱ्याला गुण्या लावला. पोस्टकार्डाला लावला. रेशनकार्डाला, कॅलेंडरला. एकही बरोबर नाही. ह्या देशात काटकोन उरलेला नाही.
माझ्या वर्गातली मुलं कुठं कुठं पांगली आहेत. एक कालव्यावर ओव्हरसीअर आहे. पाणी कुठं जात असेल? प्रभुदास तर रेल्वेत. हे दयाला बोललो. ती म्हणाली, गाड्या तर येत्यात की दौंडला. मी म्हणालो, उशिरा येतात.

२१ डिसेंबर
काही करवत नाही. पलंगाच्या लाकडाला हात लावलेला नाही. कुठल्या तोंडानं लावू?

२४ डिसेंबर, संध्याकाळ
रूथ आली. आई कुठं झोपते ते आधी पाहिलं, मग मागं पडवीत गेली. भिंतीवरच्या खडूच्या आकृत्या पाहिल्या, बेंच पाहिला. मी लिलावापासून सगळं समजावून सांगितलं, लाकडी गुण्याचंही सांगितलं. तिनं विलायती गुण्या हातात घेतला, मूठ धरून पातं हलवलं. ते मुठीत सैल हललं. मुठीवरून अंगठा फिरवत तिनं विचारलं, पपा, यानं खिळे कुणी ठोकले?
मी म्हणालो, चांगलं हत्यार अनेक कामांना येतं.
बोललो आणि मग मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं.
 रूथ गुण्या त्याच्या आकृतीवर नीट अडकवून आत गेली. म्हणजे सव्वीस वर्षं काटकोन बरोबर होता. कालवा ठीक, रेल्वे ठीक, क्रूस ठीक. फार आनंद व्हायला हवा होता. मला एकसारखी बाज आठवत राहिली.
अंधार पडायच्या आत गेणबाकडे गेलो. सहज आल्यासारखं बाजेचं विचारलं. तो म्हणाला, तवाच घ्यायची व्हती, मास्तर. आता वासरू आडवायला गोठ्याच्या तोंडाला बांधलीया. वासरू बाजेच्या सुंभावर पाठ घाशीत होतं.

२५ डिसेंबर, नाताळ
चर्चमध्ये क्रुसाकडे पाहिलं नाही.
दुपारी रूथनं आणि गेणबानं बेंच उचलून आतल्या खोलीत आणला. दारात अडकेल म्हणून मी सावध केलं. अडकला नाही. रूथनं त्यावर गादी घातली, वर चादर. मी हरकत घेतली, की हा वर्किंग बेंच आहे, पलंगाचं काम यावरच व्हायचंय. कुणी ऐकलं नाही. दया हळूच बसली. पाय बरोबर जमिनीला टेकले. म्हणाली, उंची लई बेताची झालीया बगा.
मी म्हणालो, ती मुद्दाम तशी ठेवलीय.
रूथ काल आईशेजारी फरशीवर झोपली; आज पाहुणी म्हणून माझी कॉट तिला. मी खाली.

२६ डिसेंबर, पहाट
फरशी इतकी गार असते हे मला माहीत नव्हतं. दोन गोधड्या अंथरल्या, तरी गारवा खालून वर येतो आणि कमरेत जाऊन बसतो. कूस बदलली की नव्यानं लागतो. दया यावर दोन महिने झोपली. कॉट वर होती, मी वर होतो. लाज वाटली.

२ जानेवारी १९६०
रूथ काल गेली. कॉट मोकळी झाली. झोळ खराच आहे, मी खोटं लिहिलेलं नाही.
नव्या वर्षाचा संकल्प: खरा पलंग, सागवानी, नक्षीचा. त्यासाठी आधी नवा बेंच. त्याच्याही आधी हातोडी. रात्री दिवा मालवण्यापूर्वी दयाला सगळं नीट समजावून सांगितलं. म्हणालो, तू ज्यावर झोपतेस तो पलंग नाही, बेंच आहे, गैरसमज नको. पलंग यायचाय. वर्कशॉपचं सगळं काम तुझ्यामुळं अडलंय, पण माझी तक्रार नाही. बराच वेळ बोललो. तिचं काही उत्तर येईना, म्हणून दिवा उचलून पाहिलं.
तिला झोप लागली होती. कण्हत नव्हती.