डाव्या चाकातला छर्रा

वस्ताद, परवा तुमच्या हातानं टाकलेला छर्रा सापडला. बेअरिंगमधून काढलेला, हरभऱ्यापेक्षा बारीक, एका बाजूनं गंजलेला आणि दुसऱ्या बाजूनं अजून चकाकणारा. तुम्ही गेलात तेव्हा मी मयतीला आलो नव्हतो. तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो आणि ते बरंच पाळलंही. आज बोलतो आहे, कारण ज्याच्यावर ओरडावं असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही, आणि तुम्ही तर केव्हाच सुटलात.

चिंचवडला हायवेच्या कडेला तुमचं गॅरेज होतं. जमीन जळक्या तेलानं इतकी काळी आणि घट्ट झाली होती की तिच्यावर अनवाणी उभं राहिलं तर तळव्यांना थंड लागायचं. मी मराठवाड्यातून आलेला, पिशवीत दोन शर्ट आणि डोक्यात शाळेतल्या कविता. पाखरांच्या, झऱ्यांच्या, बैलांच्या घुंगरांच्या. गाडीखाली पडलो की त्या आपोआप चालीत यायच्या. तुम्ही मला 'कवी' म्हणायला लागलात आणि मला ते आवडायचं, काय म्हणावं या मूर्खपणाला. तुमची रीत मला कवितेसारखीच वाटायची. गाडी आली की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उचलायचे. तुम्ही पान लावत गिऱ्हाइकाला विचारायचात, "आवाज कवा येतो? गाडी थंड आसताना का गरम झाल्यावर? वळताना का सरळ?" नुसत्या उत्तरांवरून तुम्ही सांगायचात, चाकाचं बेअरिंग गेलंय की दांड्याचा सांधा. गाडी आधी ऐकायची, मग उघडायची. आणि एकदा, ब्रेक दाबला की उजवीकडे ओढणारी एक गाडी आली, मी उजव्या चाकाशी बसलो, तर तुम्ही मागून माझ्या टाळक्यात मारलीत. "आरं कवी, उजवं चाक बिचारं थांबतंय. न थांबणारं डावं हाय. जे काम करतंय त्याच्यावर कशाला वहीम घेतो?" हे मला शिकवणारे तुम्ही. हे तुमच्याच तोंडचं वाक्य आहे.

कुरुळीच्या त्या कांदेवाल्या शेतकऱ्याची गाडी तुमच्याकडेच असायची. आपण त्यांना नुसतं मालक म्हणायचो. गोल अंगाची, जड दारांची गाडी, पंचक्रोशीत तेव्हा तसल्या मोजक्याच. त्या दिवशी ते आले तेव्हा पुढचं डावं चाक आतून ओलं होतं. ब्रेकचं तेल गळत होतं, चाकातल्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. तुम्ही मला रबरं आणायला पिंपरी कॅम्पात पाठवलंत. मी सगळी दुकानं फिरलो. कुणाकडे त्या मापाची नव्हती, सगळे म्हणाले दोन दिवसांनी या. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आलो तर गाडी गेलेली. मी विचारलं, रबरं कुठून मिळाली? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "झालं काम. हात धू आन् घरी जा." मला वाटलं, तुमच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सापडली असतील. त्या डब्यात काय नसायचं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पुलाशी मालकांनी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे गरकन फिरली. डावी बाजू कठड्यावर आदळली. त्या बाजूला मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांचा पाय वाचला म्हणतात, पण वाचला म्हणजे शरीराला चिकटून राहिला एवढंच.

मग मालकीणबाईंचा भाऊ गॅरेजवर आला. मालक त्याच्या मागे, मान खाली घालून. त्या खालच्या मानेला मी दुःख समजलो होतो. भाऊ ओरडला, "ब्रेक कुणी केलं हुतं?" गॅरेजात सात-आठ माणसं होती, चहावालासुद्धा थांबला होता. तुमच्या हातात पाना होता. तो पाना तुम्ही माझ्याकडे केलात. "ह्यानं. हवा नीट काढली न्हाई ब्रेकच्या तेलातली. काय सांगायचं राव, ह्याचं ध्यान कवितेत आसतंय, चाकात न्हाई." कुणीतरी हसलंसुद्धा. मी म्हणालो, मी तर पिंपरीला गेलो होतो, तुम्हीच पाठवलं होतं. तर तुम्ही म्हणालात, "चूक झाली तर हात जोडावं. तोंड चालवू नये." त्या भावानं मला दोन ठेवून दिल्या. त्या थपडांचं मला काही नाही, त्याची बहीण दवाखान्यात होती. पण तुम्ही नेमकी कविताच उचललीत, वस्ताद. दुसरं काहीही म्हणाला असतात, दारू पितो, झोपतो, चोरटा आहे, तर चार जणांनी म्हटलं असतं, छे, हा तसा नाही. कवितेला कुणी नाही म्हणू शकलं नाही. ती सगळ्यांनी ऐकली होती.

त्यानंतर पिंपरीपासून भोसरीपर्यंत एकाही गॅरेजनं मला उभं केलं नाही. "तूच का तो, हवा न काढणारा?" मग आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. पट्टा पुढे सरकायचा, माझ्यासमोर आलेले नट मी आवळायचे, पुढे सोडायचे. नव्या कोऱ्या गाडीला कसला आवाज आणि कसला अंदाज. ऐकायला काही नव्हतंच. शिफ्टमध्ये एकदा ओठांवर एक ओळ आली आणि मी शेजारच्याकडे चोरासारखं बघितलं. तेव्हापासून कामावर गुणगुणणं बंद केलं. घरी करायचो, बायको म्हणायची, न्हाणीघरातच का गाता हो तुम्ही नेहमी.

कारखान्यात लागलो त्याच वर्षी एकदा तुम्ही गेटाशी आला होतात. शिफ्ट सुटायच्या वेळी, सायकल धरून उभे. हँडलला पिशवी. माझे पाने होते तिच्यात, पेचकस होता, आणि तुमचा तो आवडता चपटा पाना, जो तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. "हे ऱ्हायलं हुतं तुझं," म्हणालात. मी पिशवी घेतली. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात, घंटी उगाच वाजवून बघितलीत आणि गेलात. पाना आणून दिलात, वस्ताद. एक शब्द आणला असतात तर पिशवी रिकामी असली तरी चाललं असतं.

आता मुलगा चाकणच्या कंपनीत आहे, त्यानं कुरुळीत घर घेतलं, म्हणून मी इथे आलो. मालकांचा बंगला दोन आळ्या सोडून. पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानात मालकीणबाई भेटल्या. पाय ओढत चालतात. मला ओळखलं, पदर पुढे ओढला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "ह्यो हितं कशाला आला ऱ्हायला?" सामान न घेता मी परत आलो. त्यानंतर त्या दिसल्या की मी आळी बदलायचो. या वयात आळी बदलायचो, ऐकताय का?

आणि गेल्या आठवड्यात त्यांचा नातू टेम्पोवर गाडी घालून माझ्या दारात. तो मुलाच्याच कंपनीत आहे. त्याला जुनं काहीच ठाऊक नाही. "काका, आजोबांची गाडी गोठ्यात पडून होती. म्हटलं दसऱ्याला बाहेर काढू. तुम्हाला जुन्या गाड्यांतलं कळतं म्हणाला तुमचा मुलगा." मी गाडीचं दार उघडलं आणि कठड्यानं आत दाबलेला पत्रा बघितला. नाही म्हणायला हवं होतं. पण पुढची काच पुसली आणि मग हात थांबेनात.

इंजिन सोपं निघालं. टाकीत गंज, कार्ब्युरेटरात वाळलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर, पॉइंट घासले, प्लग बदलले, दुसऱ्या दिवशी खोकत खोकत चालू झालं. ब्रेक मात्र सगळे जाम. नवी रबरं मुलानं मोबाईलवरून मागवली, घरपोच आली. मी त्या पुड्याकडे बघत बसलो, याच्यासाठी मी पिंपरी पालथी घातली होती. मग हवा काढायला घेतली. नातू आत बसून पेडल दाबतोय, मी चाकाशी. "दाबा. धरा. सोडा." तीन चाकांतून आधी बुडबुडे, मग तेलाची धार. पुढच्या डाव्यातून काहीच नाही. तेल नाही, हवासुद्धा नाही. वाटलं, रबरी पाइप आतून फुगून बंद झाला असेल, जुन्या गाड्यांत होतं. तो बदलला. तरी काही नाही. मग लोखंडी पाइपाचा जोड सोडला आणि तळहातावर छर्रा पडला. जोडाशेजारी पाइप तांब्याच्या तारेनं बांधलेला होता, पीळ उलटा. डावखुऱ्या हाताचा. तसा पीळ आख्ख्या चिंचवडात एकच माणूस द्यायचा. हे मी कितीदा पाहिलं होतं, रस्त्यात बंद पडलेल्याला घरापर्यंत पोचवायला तुम्ही गळणाऱ्या चाकाची लाइन छर्रा टाकून बंद करायचात, म्हणजे बाकीच्या तीन चाकांचे ब्रेक तरी लागतात, आणि वर सांगायचात, घरी पोचलात की आधी खोला. घरी पोचायला, वस्ताद. गावाला जायला नाही.

नातू विचारत होता, काय निघालं काका. मी छर्रा खिशात घातला आणि बंगल्यावर गेलो. मालक ओसरीत खुर्चीवर बसले होते, पार वाळलेत. मी छर्रा त्यांच्या हातावर ठेवला. "तुमच्या गाडीच्या डाव्या लाइनीत होता. तार वस्तादांची आहे. मी हात लावला नव्हता."

त्यांनी तो बोटांत फिरवला. "व्हय. म्हायतीय मला."

"काय माहीत आहे?"

"मीच म्हणलो हुतो त्याला. दुसऱ्या दिशी मेव्हण्याला पोरगी बघाय जायचं हुतं. गाडीनंच जायचं, आसं चारचौघांत बोलून बसलो हुतो. त्यो नगं म्हणत हुता, लई येळा नगं म्हणला. मी म्हणलो, तीन चाकांवर जाऊ, हळू चालवतो, तू टाक छर्रा."

"आणि माझं नाव?"

मालक आत बघून आवाज खाली करून बोलले. "हिला कळलं आसतं तर ही म्हायेरी गेली आसती, परत आली नसती. मी रडलो त्याच्यापशी. त्यो म्हणला, मी बघतो. तुमी परगावचे, राव. तुमचं हितं कोण हुतं? त्यो म्हणला, पोराचा हात चांगला हाय, त्याला कुटंबी काम मिळंल."

हात चांगला आहे. चार वर्षं तुमच्या हाताखाली काढली, एकदा हे ऐकावं म्हणून रविवारीसुद्धा यायचो. तुम्ही ते म्हणालातही, पण दुसऱ्याच्या कानात, मला विकताना. तुम्ही खोटारडे म्हणून मी तुमच्यावर चिडलो होतो, ते सोपं होतं. तुम्ही तर बसून हिशेब केलात, कुणाचं मोडलं तर चालेल याचा. घर असलेल्याचं मोडायचं नाही, बिनघराचं चालेल. आणि हात चांगला असेल तर आणखीच बरं. काम करणाऱ्या चाकावर वहीम घेऊ नये म्हणणारे तुम्ही. गेटाशी सायकल धरून उभे होतात तेव्हा हे सगळं तुमच्या पोटात होतं, आणि तुम्ही घंटी वाजवलीत.

तेवढ्यात आतून पाय ओढल्याचा आवाज आला. मालकांनी माझं मनगट धरलं. "तिला सांगू नगं. ह्या वयात नगं, पाया पडतो."

मालकीणबाई दारात आल्या, काठी टेकून. मला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याला कुणी घेतला आत?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "त्या गाडीच्या ब्रेकला मी हात लावला नव्हता. मी त्या दिवशी पिंपरीला होतो. डाव्या चाकाची लाइन छर्रा टाकून बंद केलेली होती, हा बघा. वस्तादांनी टाकला होता."

त्यांनी छर्रा हातात घेतला नाही, नुसता बघितला. "वस्तादानं?" मालकांची मान खाली होती, तश्शीच. बाईंनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाल्या, "त्यो मेला तवा मी त्येच्या घरी भाकऱ्या घिऊन गेले हुते. ह्या पायानं." आणि मला म्हणाल्या, "बसा. उभं का?" आत वळून सुनेला हाक मारली, "चहा टाक गं. साखर जरा जास्त घाल."

हे कुणाला सांगायचं नाही. तुमचा मुलगा अजून चिंचवडलाच राहतो, त्यालाही नाही. पण तुमच्यापुरतं सांगतो. तुम्ही आधी नको म्हणाला होतात, पुन्हा पुन्हा नको म्हणाला होतात आणि मालकांनीच गळ घातली होती, हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. मालकांची दया आली म्हणून नव्हे. तोंडाशी आलेलं मी गिळलं, कारण ते सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर राहावं असं मला वाटलं. मग चहा आला, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायलो.