कुत्रा बुडाला

संग्राहक महाशय, म्हणजेच माझ्या धाकट्या भावा,

काल तुझ्या जुन्या रिळांचा खेळ मागच्या रांगेत बसून पाहिला. शंभर वर्षांपूर्वीची मुकी कार्टून, तरी लोक पोट धरून हसत होते. कानांची वल्ही करून होडी हाकणारा तो कुत्रा आला, तेव्हा मीही हसले. मग तो बुडाला आणि पडदा काळा झाला.

दिवे लागल्यावर तू ऐटीत म्हणालास, "मूळ शेवट हाच आहे. कुणा अडाण्याने दुसऱ्याच रिळाचा तुकडा डकवून कुत्र्याला वाचवलं होतं. ती घाण आम्ही काढून टाकली." टाळ्या पडल्या.

रीळ आपल्याच घरच्या ट्रंकेतलं. मग अडाणी कोण, एवढंही तुला सुचलं नाही?

बाबांनी घरी हे रीळ पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. कुत्रा बुडाला म्हणून दोन दिवस जेवला नाहीस. शेवटी बाबांनी स्वयंपाकघरात बसून ब्लेडने दुसरं रीळ कापलं. मी टोकं धरली, त्यांनी जोडली. कुत्रा अंग झटकत पाण्याबाहेर आला, तेव्हा कुठे तू ताटावर बसलास.

बाबांनी मला शपथ घातली होती, "त्याला कधी सांगू नकोस. कुत्रा वाचला असंच वाटू दे." बाबा गेले, पण शपथ मोडवत नाही. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

काल कुत्रा बुडाला आणि तू खुशीत म्हणालास, "चला, आता जेवून घेऊ."

रिळाची टोकं धरणारी,
ताई