वैजूचं बोट, दोन ट्रिगर

२ नोव्हें., रवि.
नेमबाजीच्या सावंत सरांनी आज वैजूला क्लबची दोन पिस्तुलं दाखवली. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक: गोळी सुटली की पुढची आपसूक जागेवर येते, ट्रिगर मात्र दर खेपेला स्वतः दाबायचा. एकाचा ट्रिगर मेकॅनिकल, दुसऱ्याचा इलेक्ट्रॉनिक. या मोसमात तिच्या नावावर एकच राहणार. १६ तारखेला सांगायचं.
मी मागच्या बाकावर, कान झाकून, डबा सांभाळत.
येताना मेट्रोत म्हटलं, "लग्नाच्या वेळी इतका विचार केला नव्हतास."
"तेव्हा एकच मॉडेल दाखवलं होतं रे."

४ नोव्हें.
वैजूचा चिकनगुनियाचा ताप जाऊन वर्ष होत आलं. उजव्या तर्जनीतलं दुखण्याचं बिऱ्हाड मात्र हलत नाही. सकाळी कोमट पाण्याच्या मगात बोट बुडवून बसते. चहा गाळते डाव्या हातानं. मी बघितलं नाही असं दाखवतो. मी बघितलेलं तिनं बघितलं नाही, असं ती दाखवते. संसार.
सर रेंजवर म्हणाले होते, "नाहीच जमलं तर मॅचमधल्या जजची परीक्षा दे गो. तीही माणसं लागतात." तिथे हसली. घरी आल्यावर नाही.

७ नोव्हें.
शाळेत तास रिकामा. (संस्कृत घेणारी मुलं सहलीला, म्हणजे जवळजवळ रिकामाच वर्ग सहलीला.) बसून शास्त्रार्थ मांडला.
पूर्वपक्ष, इलेक्ट्रॉनिक: माउसच्या बटणासारखा. टिक् आणि सुटला. रोज तसाच, थंडी असो की दमट.
उत्तरपक्ष, मेकॅनिकल: आधी थोडा आत जातो, मग अडतो, मग सुटतो. स्क्रू फिरवून हवा तसा लावता येतो.
दाबायचा भार दोघांना सारखाच, निदान एक किलो. मॅचआधी ट्रिगरला किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलतात. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला तर बाद.
रात्री वाचून दाखवलं.
"कुठे मिळालं?"
"नेटवर."
"ट्रिगरवर बोट कधी ठेवलंयस?"
"नाही."
"मग गप बस ना, पंडित. तुमच्यात अनुमान चालतं. आमच्यात प्रत्यक्ष लागतं."
इतकी वर्षं माझ्याकडून शिकली ती एवढंच, आणि तेही माझ्यावर वापरायला.

९ नोव्हें., रवि.
दोन्हींची परीक्षा. सावकाश मारायच्या गोळ्या इलेक्ट्रॉनिकवर सुरेख. सगळ्या काळ्या वर्तुळात. मी बाकावर बसल्या बसल्या पेढ्यांचा विचार करू लागलो.
मग वेगाची फेरी. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी. हात अर्ध्यावर, आणि गोळी गेलीसुद्धा. समोरच्या मातीत धूळ. पुन्हा तेच.
"घाई नको गो."
"सर, मी दाबलंच नाही."
खरं असणार. बोट आखडलेलं, त्याला कळतच नाही कुठे आहे ते.
मेकॅनिकलवर उलटं. हात वर आला, नेम बसला, बोट अडलं ते अडलंच. दिवा लाल. गोळी पिस्तुलातच.
एक आधी सुटतं, एक सुटतच नाही. पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी समोर, आणि मागे सरकून उभी राहिली. पाठ मला दिसत होती.
जेवताना: "दोन्ही नको सांगू का सरांना? जज झाले तरी रेंजवरच असेन ना."
मी म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे.
मीठ बरोबर होतं.

१२ नोव्हें.
"बोट आण." दिलं. सोफ्यावर, टीव्ही बंद करून.
माझी तर्जनी चिमटीत धरली. "हा इलेक्ट्रॉनिक." टिक्. मला कळायच्या आत झालं.
"आता हा दुसरा." हळू दाबत गेली. मांस दबलं, अजून दबलं, मग हाड. "ही भिंत. हात वर येईस्तोवर इथवर पोचायचं. पुढे फक्त एवढंसं."
"भिंतीपाशी काय वाटतं?"
विचार केला तिनं. "पलीकडे कुणीतरी आहे असं वाटतं. पहिल्यात कुणीच नसतं रे."
बोट तसंच तिच्या हातात राहिलं.

१५ नोव्हें., शनि.
सरांनी मेकॅनिकलचे स्क्रू फिरवले. किलोतला बराचसा भार भिंतीच्या अलीकडे आणला, पलीकडे थोडाच ठेवला. ट्रिगर बोटाच्या जवळ सरकवला. मग वजन टांगून पाहिलं. उचललं.
वेगाची फेरी: पाचांतल्या चार वेळेत. शेवटची अडली. "वाट लागली," म्हणाली, पण वळून माझ्याकडे बघून.
सर: "आत्ता चार वाजलेत गो. मॅच असते सकाळी. बोट सकाळचं बघ, मग सांग."

१६ नोव्हें., रवि.
उभ्यानं लिहितोय, ती बूट घालतेय. कोमट पाणी झालं. आमटी कालच संपली, त्यामुळे बोलायला विषयही नव्हता.
दाराशी म्हणाली, "बोट आण."
या वेळी चिमटीत नाही, तिच्या तर्जनीनं. आखडलेल्याच. हळू. मांस. हाड. तिथे थांबली. मग एवढंसं.
"काय ठरलं?"
"रेंजवर गेल्यावर."
माझ्या बोटावर नखाची चंद्रकोर उमटलीय. खाली रिक्षावाला हॉर्न देतोय. तीन सेकंदांत झालं की नाही, मी मोजलं नाही.
तिनं मोजलं असणार.